कडेवरचा यात्रेकरू

देवाच्या डोंगरावर लहान लेकरांना घेऊन जाण्याची रीत मराठवाड्यात घरोघर आहे. तिच्या पोटात एक जुना धर्मशास्त्रीय प्रश्न आहे. जे मूल स्वतःच्या इच्छेने निघालेले नाही, ज्याला संकल्प म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि निम्मी चढण जे कुणाच्या तरी कडेवर बसून पार करते, त्याची यात्रा ही यात्रा धरायची की नाही? धरायची तर तिचे फळ कुणाचे, त्याचे की त्याला वाहून नेणाऱ्याचे? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. पण तीर्थयात्रेचे मोल कष्टात आहे, हेतूत आहे की नुसत्या पोहोचण्यात आहे, हा वाद याच प्रश्नाशी येऊन टेकतो.

मंठा हे जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. आसपास काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. मोठा डोंगर जवळ नाही, म्हणून देवदर्शन आणि सहल एकाच दिवसात उरकायची तर बाहेर पडावे लागते. पश्चिमेला अंबडची मत्स्योदरी, माशाच्या आकाराच्या टेकडीवर बसलेली. जालन्याच्या उत्तरेला भोकरदन तालुक्यात टेकडीवरचा राजूरचा गणपती. पूर्वेला जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी. आणि उत्तरेला लोणार, जिथे चढण आधी नसून परतीला आहे. निघणारे कुटुंब बहुधा तेच असते: आजी, आई-वडील, शाळेत जाणारे एक मूल, एक कडेवरचे, आणि फडक्यात बांधलेले धपाटे व ठेचा. हे लोक यात्रेला चालले आहेत की फिरायला, असे त्यांना कुणी विचारले तर उत्तर मिळणार नाही, कारण त्यांनी तसा फरक केलेलाच नसतो.

शास्त्रकारांनी मात्र फरक केला, आणि चक्क अपूर्णांकांत केला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेवरची पुराणे आणि निबंधग्रंथ यांतली वचने गोळा केली आहेत. त्यांत फळाचा हिशेब असा येतो की वाहनातून गेल्यास निम्मे फळ जाते, छत्री आणि पायताण वापरल्यास त्याच्या निम्मे, तीर्थावर व्यापार केल्यास तीन हिस्से, आणि दान घेतल्यास सगळेच. जो दुसऱ्याकरिता जातो त्याला सोळावा हिस्सा मिळतो. जो मुळात दुसऱ्याच कामाला निघाला आणि वाटेत तीर्थ घडले, त्याला निम्मा. आई, बाप, भाऊ किंवा मित्र यांची कुशाच्या गवताची प्रतिमा करून ती तीर्थात बुडवली तर ज्याच्या नावाने बुडवली त्याला आठवा हिस्सा.

या हिशेबाला आजचा वाचक हसेल, आणि हसण्यासारखे त्यात आहेही. तरी एक गोष्ट सुटू नये. सहज, प्रसंगाने घडलेल्या यात्रेला शास्त्राने शून्य दिलेले नाही, निम्मे दिलेले आहे. रविवारची सुटी आहे, पोरांना हवापालट होईल, जाता जाता देवीचे दर्शनही होईल, असे म्हणून निघालेले कुटुंब शास्त्राच्या दृष्टीने दंभ करत नाही. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात होते, एवढेच. शिवाय गवताच्या बाहुलीला जर आठवा हिस्सा पोचतो, तर कडेवरच्या जिवंत मुलाला काहीच पोचत नाही असे म्हणणे कठीण जाते. निबंधकारांनी हा मुद्दा असा मांडलेला नाही. पण त्यांच्याच गणिताचा तो परिणाम आहे.

मुलाला यात्रेकरू न मानण्याची बाजूही तितकीच भक्कम आहे आणि ती मीमांसेतून येते. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय कर्माचा अधिकार कुणाला या प्रश्नाला वाहिलेला आहे. ज्याला फळाची इच्छा आहे, जो ते कर्म करायला समर्थ आहे आणि ज्याला ते कर्म कळते, तो अधिकारी. तीन वर्षांच्या मुलाला लावून पाहिले तर तिन्ही अटींवर ते बाद होते. त्याला इच्छा असते ती पायथ्याशी पाहिलेल्या पिपाणीची. गौतम धर्मसूत्र तर मुंज होण्याआधी मुलाने वाटेल तसे वागावे, बोलावे, खावे अशी मोकळीकच देते. ज्याच्यावर नियम नाही त्याला नियम पाळल्याचे पुण्यही नाही, हे उघड आहे. या नजरेने पाहिले तर मत्स्योदरीच्या पायऱ्यांवर यात्रा चाललेली असते ती फक्त मोठ्यांची, आणि मूल हे त्यांच्या अंगावरचे ओझे.

पण याच परंपरेत कर्म करणारा आणि ज्याच्यावर कर्म होते तो, अशी फोड पूर्वीपासून आहे. संस्कार हे दुसऱ्या प्रकारात मोडतात. बारसे, उष्टावण, जावळ यांपैकी कशालाही मुलाची संमती लागत नाही. संस्कार त्याच्यावर घडतो आणि तो त्याचाच असतो. जेजुरीच्या खंडोबाकडे किंवा आपापल्या कुलदेवीच्या डोंगरावर बाळाला पहिल्यांदा नेतात ते याच भावनेने. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचे, बाळाला देवीच्या पायांवर घालायचे, अंगारा लावायचा. बाळ या सगळ्या वेळात रडत असते, आणि त्याच्या रडण्याने विधीत काही उणे येत नाही. नवसाचे मूल असेल तर गोष्ट आणखी गुंतते. नवस आईने बोललेला, कौल देवीचा, आणि फेडताना गुळाच्या तराजूत बसते ते मूल. इथे मूल अधिकारी नाही आणि ओझेही नाही. ज्या देण्याघेण्यासाठी सगळे वर आले त्याचा तोच विषय आहे. त्याच्याशिवाय यात्रा झाली तर ती अपुरी राहते.

तेव्हा मूल यात्रेकरू आहे का, याचे एक उत्तर असे निघते की यात्रा ज्या दिवशी त्याच्यासाठी असते त्या दिवशी ते यात्रेचे केंद्र असते आणि बाकीच्या दिवशी सोबती. उत्तर नीटनेटके आहे, म्हणूनच ते पुरत नाही. सोबती म्हणून गेलेले मूलही चढते. पाच-सहा वर्षांचे पोर सुरुवातीच्या पायऱ्या धावत घेते, मध्येच बसकण मारते, ‘अजून किती राहिलं’ असे दर वळणावर विचारते आणि शेवटी हट्टाने एकटेच कळसापर्यंत जाते. हे कष्ट खरे आहेत. त्यांना काय म्हणायचे?

कष्टाला तप म्हणायची सवय सर्वच पंथांत आहे. जैन परंपरेत बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत कायक्लेश एक. शत्रुंजय, गिरनार, सम्मेदशिखर या जैनांच्या थोर तीर्थांचा रस्ता डोंगरच चढतो. महाराष्ट्रात मांगीतुंगी आणि कुंथलगिरी तसेच. मंठ्याकडच्या लोकांना सगळ्यांत जवळचे पडते ते नेमगिरी. नेमगिरी आणि चंद्रगिरी अशा दोन टेकड्या तिथे आहेत. पहिलीच्या पोटातल्या गुंफांमध्ये नेमिनाथांची मोठी मूर्ती आहे आणि अगदी थोड्या आधारावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती, जिला भाविक अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. गुंफांची दारे बुटकी आहेत. धिप्पाड माणसाला कंबरेतून वाकून, एक हात दगडाला टेकत आत शिरावे लागते. लहान मूल ताठ चालत जाते आणि आतून हाक मारते. देवापुढे वाकण्याचा जो धडा दाराच्या उंचीने मोठ्यांना मिळतो तो मुलाला लागू होत नाही. त्याची उंची आधीच तेवढी आहे. यातून कुणी सिद्धान्त काढू नये, पण कायक्लेश हे माप मुलाला का बसत नाही ते त्या दाराशी उभे राहिल्यावर ध्यानात येते. तप म्हणजे जे टाळता आले असते ते स्वीकारणे. मुलाने ते स्वीकारलेले नसते. ते थकते ते खेळात थकावे तसे, किंवा मोठ्यांनी ओढले म्हणून.

दुसऱ्या शक्यतेबद्दल गीतेने स्पष्ट बोलून ठेवले आहे. सतराव्या अध्यायात शरीराला छळणाऱ्या घोर तपाची गणना आसुरी निश्चयात केली आहे, आणि मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. स्वतःचे पाय पोळू देण्याचा हक्क माणसाला असेल; मुलाचे पाय पोळवण्याचा नाही. वैशाखाच्या उन्हात अनवाणी चालणे हे आजीचे व्रत असू शकते, तिच्या चार वर्षांच्या नातवाचे असू शकत नाही. यात्रेतली गर्दी हाही याच मुद्द्याचा भाग आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि आग लागली. मृतांचा आकडा तीनशेच्या आसपास गेला आणि त्यांत बायका-मुले पुष्कळ होती. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि वाटेला चिकटून असलेली दुकाने यांची चर्चा तेव्हा खूप झाली. चौकशीसाठी कोचर आयोग नेमला गेला. त्यानंतर गर्दीच्या दिवशी लेकरू घरी ठेवावे असे म्हणणाऱ्याला अश्रद्ध ठरवणे अवघड झाले. श्रद्धेने वाढवलेला धोका मुलाच्या वतीने पत्करता येत नाही, हा निष्कर्ष शास्त्रातूनही काढता येतो आणि त्याला शास्त्राची गरजही नाही.

मग वाहनाचे काय? वाहनाने निम्मे फळ जाते हे वचन बाजूला ठेवून वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि पायऱ्या न चढता देवीपर्यंत पोचण्याची सोय झाली. म्हातारी माणसे आणि तान्ह्या बाळांच्या आया तिचा आधार घेतात. इथे महाभारत शास्त्रकारांपेक्षा उदार दिसते. वनपर्वातल्या तीर्थयात्रेत पांडव गंधमादन पर्वताकडे निघतात, वाटेत द्रौपदी थकून कोसळते, आणि भीमाने आठवण करताच त्याचा मुलगा घटोत्कच येऊन तिला उचलून घेतो. त्याचे साथीदार राक्षस पांडवांनाही वाहून नेतात. लोमश ऋषी तेवढे स्वतःच्या तपोबलाने जातात. म्हणजे यात्रेकरूच मुलाच्या खांद्यावर आणि मूल वाहणारे, अशी ही उलटी जोडी. त्यामुळे कुणाचे किती फळ घटले याचा शब्दही तिथे नाही. त्याच यात्रेच्या आरंभी पुलस्त्याने भीष्माला सांगितलेली तीर्थांची महती येते, आणि तिच्यात तीर्थयात्रेचे मोठेपण असे सांगितले आहे की यज्ञ करायला सामग्री लागते, ती दरिद्र्याला परवडत नाही; तीर्थ मात्र त्यालाही साधते. फळ मिळते ते हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहे त्याला. पाय ताब्यात असणे आणि पाय झिजवणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे तिथे गृहीत आहे.

जालना जिल्ह्यात मुसलमान वस्ती जुनी आणि मोठी आहे, आणि कडेवरच्या यात्रेकरूचा प्रश्न इस्लामी परंपरेत जेवढा थेट विचारला गेला तेवढा क्वचितच कुठे विचारला गेला असेल. हजच्या वाटेवर एका बाईने आपले मूल उचलून धरले आणि याचा हज होईल का, असे पैगंबरांना विचारले. होईल, आणि तुलाही त्याचे पुण्य आहे, असे उत्तर मिळाले, अशी हदीस आहे. फिकहने, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राने, त्यावरून नियम बसवले. समज न आलेल्या मुलाची नियत पालकाने करायची, त्याला उचलून तवाफ, म्हणजे काबाची प्रदक्षिणा, करायचा. पण हा हज नफिल, म्हणजे ऐच्छिक गणला जातो. मोठेपणी ऐपत आली की त्याला फर्ज, म्हणजे बंधनकारक, हज करावाच लागतो. याच हजमधल्या सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्या मुळात एका आईच्या धावपळीची आठवण आहेत. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत हाजरा त्या दोन उंचवट्यांमध्ये धावली. तिने तप म्हणून ते केले नव्हते. मूल तहानलेले होते म्हणून केले, आणि पुढे तोच लक्षावधी लोकांचा विधी झाला.

वाहणाऱ्याचे पुण्य हा धागा इथे हाती लागतो. हिंदू निबंधांत दुसऱ्यासाठी जाणाऱ्याला सोळावा हिस्सा दिला, तो प्रतिनिधीला. मूल घेऊन चढणारा बाप प्रतिनिधी नाही. तो स्वतःही जातो आणि दुसऱ्यालाही नेतो. त्याची चाल मुलाच्या चालीने ठरते. एकट्याने अर्ध्या तासात उरकणारी टेकडी त्याला दोन तास घेते. त्याला थांबावे लागते, पाणी पाजावे लागते, चप्पल शोधायला चार पायऱ्या परत उतरावे लागते. सकाळी निघताना ठरवलेला अभिषेकाचा मुहूर्त बहुधा हुकतो. हे कष्ट त्याने निवडलेले आहेत, पण देवासाठी निवडलेले नाहीत. भक्तिमार्गाने अशा कष्टांना देवाच्या खात्यावर जमा करून घेतले. कर्ममार्गाला ते करायला जागा नव्हती. मराठी संतांची तीर्थांवरची टीका प्रसिद्ध आहे, तीर्थी धोंडा-पाणी आहे ही भावना वारकऱ्यांत रुजलेली आहे. तरीही वारी त्यांनीच पायी चालवली, आणि तुकोबा एकांतासाठी भामचंद्र आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले. विरोध डोंगराला नव्हता. डोंगराचे पुण्य मोजण्याला होता.

भक्तीने मुलाला दिलेली जागा सगळ्यांत मोठी आहे. मंठ्यापासून फार दूर नसलेल्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे एका परंपरेप्रमाणे नामदेवांचे गाव. वडिलांनी नैवेद्य देऊन पाठवलेला लहानगा नामदेव विठ्ठल जेवेपर्यंत हटत नाही, ही कथा घराघरात सांगितली जाते. तिच्यात मीमांसेची एकही अट पुरी होत नाही. मुलाला विधी कळलेला नाही; नैवेद्य दाखवायचा असतो, खाऊ घालायचा नसतो, हेच त्याला माहीत नाही. कथेचे सगळे बळ त्या न कळण्यात आहे. अधिकारासाठी समज लागते असे शास्त्र म्हणते, आणि समज कमी असल्यानेच जवळीक साधली असे कथा म्हणते. दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात: आजी जावळासाठी भटजींना मुहूर्त विचारते आणि त्याच संध्याकाळी नातवाला नामदेवाची गोष्ट सांगते.

डोंगर चढणे ही धर्माची गोष्ट की आनंदाची, हा तिढा युरोपात वेगळ्या रीतीने पडला. इटालियन कवी पेट्रार्क १३३६ च्या एप्रिलमध्ये धाकट्या भावाला घेऊन फ्रान्समधला माँ व्हाँतू चढला, केवळ उंचावरून दिसते काय ते पाहायला. वर गेल्यावर त्याने सोबतचे संत ऑगस्टीनचे पुस्तक उघडले, तर माणसे डोंगर पाहायला जातात आणि स्वतःकडे पाहायचे विसरतात अशा अर्थाची ओळ समोर आली. लाजून तो गप्प झाला आणि उतरेपर्यंत बोलला नाही, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. राजूरच्या टेकडीवरून उतरणाऱ्या कुटुंबाला अशी लाज वाटत नाही. दर्शन झाले, पोरांनी वारा खाल्ला, खालची शेते दाखवून झाली, धपाटे संपले. देखावा आणि देव यांत निवड करायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते. पेट्रार्कला जे पाप वाटले ते काण्यांनी उद्धृत केलेल्या वचनात निम्मे पुण्य ठरते. दोन संस्कृतींतले हे अंतर वाटते त्याहून मोठे आहे.

लोणारला प्रश्न आणखी उलटतो. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेले हे विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद आहे. स्कंदपुराणाच्या नावाने सांगितली जाणारी कथा अशी की लवणासुर इथे भूमीखाली लपला होता आणि विष्णूने त्याचा वध केला. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्याचीच खूण. कमळजा देवीचे देऊळ विवराच्या तळाशी, खाऱ्या तळ्याच्या काठावर आहे. इथे देव खाली असतो. मुले उतरताना उत्साहात असतात, दर्शन पटकन होते, आणि खरी चढण दर्शनानंतर लागते, जेव्हा संकल्प पुरा झालेला असतो आणि वर गाडीखेरीज काही नसते. यात्रेच्या पुस्तकांत परतीच्या वाटेचे फळ क्वचितच सांगितलेले असते. कडेवर झोपलेल्या मुलाचे वजन जागेपणीपेक्षा जास्त लागते हे तिथल्या प्रत्येक बापाला ठाऊक आहे. त्या वजनाला शास्त्रात रकाना नाही.

कडेवरचा यात्रेकरू स्वतःच्या पायांनी यात्रेकरू कधी होतो? वयाची रेघ परंपरांनी ओढली आहे आणि ती बरीच जवळजवळ पडते. ब्राह्मण मुलाची मुंज आठव्या वर्षी सांगितली आहे; जैन मतात संयमाची पात्रता आठ वर्षांनंतर मानतात; इस्लाममध्ये समज येण्याचे वय साधारण सात आणि बंधने वयात आल्यावर. मंठ्याच्या नैऋत्येला घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या नारायणाने, म्हणजे समर्थ रामदासांनी, परंपरेप्रमाणे बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून पळ काढला आणि नाशिकची वाट धरली. ती यात्रा कुणाच्या कडेवरून झाली नव्हती आणि घरच्यांना ती मुळीच नको होती. मुलाने स्वतः संकल्प केला की तो मोठ्यांच्या संकल्पाशी जुळेलच असे नाही, हेही या प्रश्नाचे एक अंग आहे, आणि सहलीला निघालेल्या कुटुंबात त्याचा विचार कुणी करत नाही.

लहानपणी घडलेल्या यात्रेची पुढे मोजणी कशी होते, याबाबत परंपरा एकमेकींपासून दूर जातात. बालपणीचा हज मोठेपणीच्या फर्जाची जागा घेत नाही. हिंदू रीतीत संस्कार पुन्हा करायचा नसतो, म्हणून जावळाला घडलेले देवीचे दर्शन पुरेसे धरले जाते. मोठेपणी त्याच डोंगरावर पुन्हा जायचे ते कुळाचार म्हणून, लग्नानंतर जोडीने आणि मूल झाल्यावर मुलासकट.